दिवसा झोपायच्या खोल्या

माहेनूर इंग्लंडातल्या शेफिल्डहून परत आली त्याला तीन महिने होऊन गेले होते, पण तिची मोठी बॅग अजून पलंगाखाली अर्धी भरलेलीच होती. आई, बिल्कीस, दर शुक्रवारी घर आवरताना विचारायची, "कपडे काढू का बाहेर?" आणि माहेनूर म्हणायची, "राहू दे अम्मी, अजून नक्की नाही." काय नक्की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिकडे तिनं इमारतींतली हवा, पाणी आणि वीज यांच्या रचनेत एम.एस्सी. केलं होतं. प्रबंधाचा विषय होता जुन्या विटांच्या घरांतून बाहेर जाणारी ऊब कशी अडवायची. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, दाराखालची फट, छताच्या कोपऱ्यातली फट. एकेक शोधायची आणि बुजवायची. तिला चांगले गुण मिळाले. त्यानंतर नोकरी शोधायला दोन वर्षांचा व्हिसा होता. त्या दोन वर्षांत तिनं शेकड्यानं अर्ज केले, आठ मुलाखती दिल्या, आणि पोट भरण्यासाठी शहराबाहेरच्या एका गोदामात काम केलं. घरी मात्र ती फोनवर सांगायची, "प्रोजेक्टवर आहे." व्हिसा संपला तेव्हा प्रोजेक्टही संपला असं तिनं सांगितलं, आणि जानेवारीत ती अमरावतीला उतरली.

तिचे वडील अब्दुल रहीम वलगाव रोडला कूलर बनवत. पत्रा कापायचा, वाकवायचा, बाजूच्या जाळ्यांत गवत भरायचं, मोटर बसवायची. फेब्रुवारी ते जून त्यांना जेवायला वेळ नसे. घरात ते उर्दू बोलत, दुकानात वऱ्हाडी, आणि लेकीशी दोन्हींची मिसळ.

मार्चमध्ये तिला अकोल्यात नोकरी मिळाली होती. गोरक्षण रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या वर किशोर वानखडे यांचं लहानसं ऑफिस होतं. नव्या इमारतींची वीज, पाणी आणि एसीची ड्रॉइंगं ते करून देत. माहेनूर धरून माणसं चार. अमरावतीहून ती रोज सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं यायची. जाताना दोन-अडीच तास, येताना तेवढेच. अकोल्यात खोली घे, असं सगळे सांगत होते. खोली घेतली की आपण इथे राहिलो असं होईल, असं तिला वाटायचं. बसमध्ये ती मोबाइलवर अर्ज भरत राहायची: दुबई, डब्लिन, पुणे, बंगळूर. मूर्तिजापूरच्या पुढे रेंज गेली की अर्धा भरलेला अर्ज पुसला जायचा, आणि मग ती खिडकीबाहेर बघत पाय हलवत बसायची. शेजारच्या बाईनं एकदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात किशोर सरांनी तिला बोलावलं.

"नर्सिंगच्या मुलींचं हॉस्टेल आहे, गावाबाहेर. वरच्या मजल्यावर एसी पाहिजे म्हणतात. विजेचा लोड पाहून ये आणि एक ड्रॉइंग काढून दे. दोन दिवसांचं काम."

हॉस्टेल तीन मजली होतं, नवंच. वरच्या मजल्यावर चौदा खोल्या, सगळ्यांच्या खिडक्या पश्चिमेला. वॉर्डन बेबीताईंनी तिला जिन्यातच थांबवलं.

"चपला काढा मॅडम, अन् हळू बोला. पोट्ट्या झोपल्या हायेत."

दुपारचा एक वाजला होता. या मुली रात्रभर दवाखान्यात ड्यूटी करत, सकाळी आठला परत येत आणि दिवसा झोपत. म्हणजे झोपायचा प्रयत्न करत. माहेनूरनं पहिल्या खोलीत तापमान मोजलं. हवा एक्केचाळीस. छताच्या स्लॅबला यंत्र रोखलं तर सेहेचाळीस. पलंग रिकामे होते. चार मुली पलंगांखाली, पाणी ओतलेल्या फरशीवर, अंगावर ओल्या ओढण्या घेऊन पडल्या होत्या. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. त्यातली एक मुलगी उठून बसली. डोळे लाल.

"एसी येणार आहे का?" तिनं विचारलं.

तिचं नाव शकुन. मेळघाटातल्या सेमाडोहची, दुसऱ्या वर्षाला होती. बेबीताईंनी खाली आल्यावर तिची गोष्ट सांगितली. मागच्या आठवड्यात पहाटेच्या ड्यूटीवर तिला उभ्या-उभ्या डुलकी लागली आणि एका रुग्णाचं इंजेक्शन ती दुसऱ्याच्या खाटेकडे घेऊन गेली. सिस्टरनं वेळेवर हात धरला. तेव्हापासून तिची रात्रीची ड्यूटी बंद होती. ती भरून निघाली नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"पोट्टी हुशार हाये," बेबीताई म्हणाल्या. "पण चार दिवस झोपली नाई तं माणूस काय करन?"

माहेनूर त्या दिवशी ऑफिसात परतली तेव्हा तिच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. तिनं लोड काढला. चौदा एसी तिथल्या ट्रान्सफॉर्मरला झेपणारे नव्हते, आणि नवा बसायला उन्हाळा संपून गेला असता. मग एसी नको, असं तिनं ठरवलं. गच्चीवर पांढरा थर, त्यावर हिरवी जाळी. गच्चीत दोन मोठे कूलर, आणि त्यांची हवा पत्र्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलीत. हवा बाहेर पडायला कॉरिडॉरच्या दारांवर झरोके. आणि पश्चिमेच्या खिडक्या जाड थर्माकोलच्या पॅनेलनं बाहेरून कायमच्या बंद करायच्या, कडेनं सीलंट भरून, एकही फट न ठेवता. हे काम तिला झोपेतही आलं असतं.

किशोर सरांनी ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं. "हॉस्टेलच्या संस्थेनं एसी मागितलाय, माहेनूर."

"संस्थेनं गारवा मागितलाय, सर."

ते हसले नाहीत, पण ड्रॉइंग पाठवलं. संस्थेचे लोक आधी रुसले, मग ट्रान्सफॉर्मरचं कळल्यावर तयार झाले.

रविवारी घरी तिनं तेच ड्रॉइंग अब्बांसमोर पसरलं. कौतुक ऐकायचं होतं, हे खरं. अब्दुल रहीम हात पुसत खाली बसले. नळ्यांवरून बोट फिरवलं, मान हलवली.

"मस्त बनवलं बेटा. अन् पाऊस लागला मंग?"

"पाऊस सुरू झाला की कूलर बंद करायचे."

"बंद कोण करन? पाणी बंद अन् नुसता पंखा चालू, असं बटन अलग ठेवलं का? माया दुकानात दर जुलैत लोक भांडायले येतात. म्हणतात, कूलर चिपचिप करते. अरे, हवाच ओली हाये तं कूलर काय करन?" त्यांनी खिडक्यांच्या पॅनेलवर बोट ठेवलं. "अन् या खिडक्या उघडत नाईत?"

"अब्बा, हे घरातलं कूलर नाही. याचं गणित वेगळं असतं."

अब्दुल रहीम तिच्याकडे एकदा बघून उठले आणि अंगणातल्या पत्र्याकडे गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

काम बावीस दिवसांत झालं. श्याम नावाचा अकोल्याचा कंत्राटदार होता. बोलायला फटकळ, पण ड्रॉइंगबाहेर एक स्क्रू लावत नसे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर पंचेचाळीस असताना, वरच्या मजल्यावर एकतीस होतं. पहिल्या दिवशी बेबीताईंचा फोन आला.

"मॅडम, शकुनले जेवायले उठवायले गेली, तं उठेचना. मी घाबरली. नाकाजवळ हात नेला. झोपली होती बाप्पा, लाकडावानी."

माहेनूर फोन ठेवून ऑफिसच्या बाल्कनीत गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. दोन वर्षांत कुणी तिला असं काही सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बसमध्ये तिनं पुण्याच्या एका मोठ्या कंपनीसाठी अर्ज भरला. कमी विजेवर चालणाऱ्या इमारतींचं काम करणारी कंपनी होती. तिनं हॉस्टेलचे आकडे लिहिले: एक्केचाळीसवरून एकतीस. जूनमध्ये दोनदा मुलाखत झाली. त्यांनी हॉस्टेलबद्दलच विचारलं आणि ती भरभरून बोलली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. एक ऑगस्टला रुजू व्हायचं. बिल्कीसनं जर्दा, गोड केशरी भात, करून गल्लीत वाटला. पलंगाखालची बॅग बाहेर आली. किशोर सर म्हणाले, "मला माहीत होतं तू टिकायची नाहीस. वाईट वाटून घेऊ नको, मी असतो तर मीही गेलो असतो."

जुलैच्या वीस तारखेला बेबीताईंचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

"मॅडम, तुमी एकडाव येऊन पाहा. भिंती काळ्या पडून राहिल्या. पोट्ट्यांच्या अंगावर चट्टे उठले."

ती गेली. वरच्या मजल्याच्या दारातच वास आला, ओल्या पोत्यासारखा. गाद्या हाताला थंड आणि दमट लागत होत्या. बंद खिडक्यांच्या कडेनं भिंतीवर काळी-हिरवी बुरशी चढली होती, कपाटांमागे तर पंज्याएवढाली वर्तुळं होती. नळ्यांतून ओली हवा येतच होती. सगळ्याला मिळून एकच बटण होतं. ते दाबलं की पंखा आणि पाणी दोन्ही सुरू. पंखा बंद केला की खोलीत गुदमरायचं, कारण खिडकी उघडायची सोय नव्हती. म्हणून मुली चालूच ठेवत होत्या. चार दिवसांपासून त्या खाली जेवणाच्या हॉलमध्ये झोपत होत्या, भांड्यांच्या आवाजात.

शकुननं बाही वर करून कोपरावरचे चट्टे दाखवले. "औषध लावलंय, ताई. बरं होईल. रात्रीची ड्यूटी मिळाली मले परत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच माहेनूरला सहन होईना.

तिनं पॅनेलच्या कडेवरून नख फिरवलं. सीलंट सगळीकडे सारखं, गुळगुळीत, एकही फट नाही. अगदी शिकवलं होतं तसं. तिकडच्या गारठ्यात हेच बरोबर होतं.

"चूक माझी आहे," ती बेबीताईंना म्हणाली.

"तुमची हाये हे मले समजलं," बेबीताई म्हणाल्या. "आता काय करता ते सांगा."

ऑफिसात किशोर सरांनी फोटो पाहिले आणि लॅपटॉप बंद केला.

"तू एक तारखेला चाललीस. मी पाहून घेतो. श्यामनं सीलंट जास्त भरलं असं लिहू. त्याच्याकडून दुरुस्त करून घेऊ."

"त्यानं माझ्या ड्रॉइंगप्रमाणेच भरलं."

"माहीत आहे मला. पण तो इथला माणूस आहे, चार शिव्या खाईल आणि विसरेल. तुझं नाव नवीन आहे."

ती आपल्या टेबलाशी परत गेली. संध्याकाळच्या बसमध्ये बसली, पण मूर्तिजापूरला उतरून गेली. का, ते तिला कळलं नाही. स्टँडवर चहा घेतला. अमरावतीच्या दोन गाड्या समोरून गेल्या, ती चढली नाही. पुण्याला गेलं तर कुणी विचारणार नव्हतं. नवं ऑफिस, नवी टेबलं, आणि ज्यांच्या जोरावर तिथे जायचं त्या खोल्या इथे बुरशी धरून पडलेल्या. तिनं मोबाइल काढला, पुण्याचं पत्र उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं विचारलं, "ताई, येता का नाई?" तेव्हा ती चढली.

घरी अब्बा अंगणात मोटर उघडून बसले होते. जुलैत कूलरचं काम नसतं, दुरुस्तीच असते. माहेनूर त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. खिडक्या, बटण, चट्टे. तुम्ही म्हणाला होता, हेही सांगितलं. अब्दुल रहीम ऐकत राहिले. मी सांगतलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. त्यामुळे असेल, किंवा एकदा तोंड उघडलं म्हणून असेल, ती पुढे बोलत गेली.

"अब्बा, तिकडे मी प्रोजेक्टवर नव्हते. गोदामात होते. चौदा महिने."

त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला. "काय काम होतं?"

"बूट. लोक मोबाइलवरून बूट मागवतात, ते कप्प्यातून काढून डब्यात भरायचे."

"उभं राहून?"

"हो. दहा तास."

"मले सांगतलं असतं तं काय झालं असतं?" ते म्हणाले. "मी बी उभ्यानंच काम करतो." मग उठून आत गेले आणि बिल्कीसला म्हणाले, "पोरीले जेवायले वाढ." त्या रात्री त्यांनी तिच्याशी आणखी बोलायचं टाळलं. त्यांच्या मनाला लागलं होतं, हे तिला दिसत होतं.

सकाळी निघायच्या आधी तिनं पुण्याला लिहिलं. मी दिलेले आकडे उन्हाळ्याचे आहेत; पावसाळ्यात ती रचना चुकली, चूक माझी आहे, दुरुस्तीला दीड महिना लागेल; एक ऑक्टोबरला रुजू होता येईल का? दोन दिवसांनी उत्तर आलं. प्रामाणिकपणाचं कौतुक होतं, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा होत्या, आणि ती जागा ऑगस्टमध्येच भरावी लागणार होती.

आपण काही मोठं केलं असं तिला मुळीच वाटलं नाही. तिला राग आला. कंपनीचा, स्वतःचा, मेल पाठवायच्या घाईचा. आई काही विचारायला आली तर ती तिच्यावर खेकसली. पुढचे दोन दिवस बसमध्ये ती रस्ताभर नखं खात बसली. तिसऱ्या दिवशी किशोर सरांना म्हणाली, "रिपोर्टमध्ये माझं नाव लिहा. श्यामचं नको."

"पुणे?"

"गेलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. संस्थेच्या बैठकीला ते स्वतः तिच्या शेजारी बसले. अध्यक्ष तासभर बोलले, आणि त्यांचं बरंचसं बरोबर होतं. ती एकेक मुद्दा लिहून घेत गेली.

दुरुस्ती सोपी होती, फक्त किचकट. सगळी पॅनेलं काढून बिजागऱ्यांवर बसवायची, म्हणजे उन्हाळ्यात बंद आणि पावसाळ्यात उघडी. पंपाचं बटण वेगळं. ओली हवा बाहेर ओढायला कॉरिडॉरच्या टोकाला दोन पंखे. भिंती खरवडून, धुऊन, चुन्यानं रंगवायच्या. श्याम पहिल्या दिवशी आला तो तोंड पाडून.

"तवाच सांगतलं असतं मॅडम, बिजागरी लावा म्हणून, तं काय बिघडलं असतं? मले बी वाटलं होतं, खिडकी कायले बुजवून राहिले."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी विलायतेहून आल्या," श्याम म्हणाला. "आमी काय बोलाव?"

एका गुरुवारी अब्दुल रहीम अकोल्याला आले. न सांगता, एसटीनं, पिशवीत स्वतःचे पान्हे घेऊन. पंपाची वायर त्यांनी दोनदा तपासली. बिजागऱ्या कुठे लावायच्या यावरून त्यांची आणि श्यामची चांगली अर्धा तास जुंपली, शेवटी दोघांनी मिळून तिसरीच जागा ठरवली. जाताना बेबीताईंनी त्यांना चहा दिला. "तुमची मुलगी काय?" त्यांनी विचारलं. "हो," अब्दुल रहीम म्हणाले, "अजून शिकून राहिली." माहेनूरला ते टोचलं आणि आवडलंही.

ऑगस्टच्या अखेरीस मुली वर गेल्या. तेरा खोल्या कोरड्या होत्या. बारा नंबरची, कोपऱ्यावरची, पुन्हा काळी पडली. तिची खिडकी दिवसभर उघडी ठेवली, पंखा फिरत ठेवला, तरी आठवड्यात वास परत. माहेनूर तीनदा जाऊन आली. ओलावा मोजला, रात्री झोपेत गणितं केली, आणखी काय चुकलं असेल ते शोधत राहिली. दरम्यान डब्लिनच्या एका कंपनीचा मेल आला होता, मुलाखतीसाठी. तिनं ती दिली. हॉस्टेलबद्दल विचारल्यावर उन्हाळाही सांगितला आणि पावसाळाही. समोरच्या बाईंनी खूप प्रश्न विचारले आणि कळवू म्हणाल्या.

चौथ्या खेपेला, सप्टेंबरच्या एका दुपारी, ती श्यामची छिन्नी घेऊन बारा नंबरमध्ये गेली. शेजारच्या खोलीत मुली झोपल्या होत्या, म्हणून तिनं हातोडी फडक्यात गुंडाळली. सगळ्यात काळ्या जागेचा गिलावा ती हळूहळू काढू लागली. तासाभरानं आतून गच्चीचा पाण्याचा पाइप दिसला. सांध्याला बारीक चीर होती आणि थेंब विटांवर झिरपत होता. इमारत बांधली तेव्हापासूनचा दोष. तिच्या ड्रॉइंगशी त्याचा काही संबंध नव्हता. तिला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी थकून ती पलंगाच्या कडेवर बसली. किती आठवडे ती स्वतःलाच खोदत बसली होती.

तिनं किशोर सरांना फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "श्यामला पाठवतो उद्या. बरं, परतवाड्याला एक दवाखाना होतोय. ऑपरेशन थिएटरची हवा करायची आहे. दीड वर्षाचं काम आहे. तू आहेस की नाहीस, ते मला आज सांग."

माहेनूरनं पाइपकडे बघितलं. डब्लिनचं उत्तर यायचं होतं. तिचा पाय हलत होता.

"पुढच्या मेपर्यंत आहे, सर. या खोल्या एक उन्हाळा आणि एक पावसाळा नीट चालल्या की नाही, ते मला बघायचंय. त्याच्या पुढचं आज विचारू नका."

"म्हणजे जुलैपर्यंत."

"हो. जुलैपर्यंत."

"बरं," सर म्हणाले. "मग सोमवारी परतवाड्याला जाऊ. आणि जुने कंत्राटदार असतील तिथे, आधी त्यांच्याशी बोल."

फोन ठेवून ती उठली. गिलाव्याचे तुकडे घमेल्यात भरले, बादली आणून थेंबाखाली ठेवली. कॉरिडॉरमध्ये शकुन भेटली, झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, हातात ब्रश.

"ठोकठोक तुमी करत होत्या काय?" तिनं जांभई देत विचारलं.

"जाग आली का?"

"नाई. ठोकठोक सपनात आली," शकुन म्हणाली आणि तोंड धुवायला निघून गेली.